वझरगावखालचा आकडा

“मॅडम, तुमचं ते पान खोटं बोलतंय.”

चपला बाहेर काढून तो माणूस दारातच उभा होता. आत पाऊल टाकायला कोणी सांगेल याची वाट पाहत असावा.

“पान खोटं बोलत नाही,” मी म्हणाले. “त्याला जे सांगितलं जातं तेवढंच ते दाखवतं. तुम्हाला काय दिसलं?”

“या हो रेडेकर, आत या,” पलीकडच्या टेबलावरून आप्पा तेरणीकर म्हणाले, आणि माझ्याकडे वळून आवाज खाली आणत त्यांनी पुस्ती जोडली, “यांच्याच घरचं ते. मागच्या सुगीतलं.”

मला काहीच माहीत नव्हते. सर्पदंश साहाय्य मंडळाच्या त्या कार्यालयात, म्हणजे तालुक्याच्या पेठेतल्या खतांच्या दुकानावरच्या एका खोलीत, मी नुकतीच येऊ लागले होते. मंडळाचे संकेतस्थळ ज्या तरुणाने बांधले होते तो नोकरी लागून निघून गेला होता आणि देखभालीचे काम कोल्हापुरातल्या आमच्या लहानशा कंपनीकडे आले होते. पदार्थविज्ञानात शिक्षण घेऊन मी या व्यवसायात कशी आले हा वेगळा विषय आहे. इथे एवढेच सांगणे पुरे की जे मोजता येत नाही आणि पुन्हा घडवून दाखवता येत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवण्याची सवय मला तेव्हाही नव्हती, आजही नाही.

मंडळाचे पान अगदी साधे होते. तालुक्यातली आरोग्य केंद्रे डोंगरात विखुरलेली. एका केंद्राचा रस्ता धरला की दुसऱ्याकडे जाण्यासाठी पुन्हा खाली उतरून तिठ्यावर यावे लागे. केंद्रांचे दूरध्वनी बहुधा बंदच असत. म्हणून निवृत्त कंपाउंडर असलेले आप्पा दररोज सकाळी प्रत्येक केंद्रातल्या परिचारिकेला तिच्या मोबाइलवर गाठत आणि सापाच्या विषावरची लस कुठे किती शिल्लक आहे ते पानावर भरत. वरच्या ओळीत केंद्रांची नावे आणि प्रत्येक नावाखाली एक चौकट; चौकटीत कुप्यांचा आकडा. घरातल्या माणसाला साप चावला की पान उघडायचे, आकडा पाहायचा आणि गाडी त्या दिशेला काढायची. इतके थेट उपयोगाचे पान मी त्याआधी बांधलेले नव्हते, आणि नंतरही नाही.

दत्ताराम रेडेकर खुर्चीच्या कडेवर बसला. तो वडापची, म्हणजे गावोगावची माणसे भरून नेणारी, जीप चालवत असे. खांद्यावरचा पंचा त्याने गुडघ्यावर घेतला आणि सांगू लागला. त्याची पत्नी शालन खळ्यावर भाताचे भारे रचत असताना तिला घोणस चावली. दिवसाढवळ्या. त्याने जीप अंगणात घेतली. कॉलेजात विज्ञान शिकणाऱ्या मुलीने, स्वप्नालीने, धावत जाऊन संगणकावर पान पाहिले आणि ओसरीवरून ओरडून सांगितले, ‘वझरगाव! वझरगावला आहे, बाबा!’ तिठ्यावर डावीकडे वझरगाव, उजवीकडे हातेली. त्याने गाडी डावीकडे घातली. वझरगावात लस नव्हती. परत घाट उतरून तो हातेलीला पोहोचला तेव्हा तिथल्या डॉक्टरांना करण्यासारखे काही उरलेले नव्हते.

“हातेलीत होती ना लस?” मी विचारले.

“होती की. कपाटात होती.”

“आणि या पानावर?”

उत्तर आप्पांनी दिले. “दुसऱ्या दिवशी यांचे मेहुणे इथं आले, चांगले चार लोक घेऊन. मी मशीनवर दाखवलं त्यांना. आदल्या दिवशीचंच पान होतं, हात लावलेला नव्हता. वझरगावखाली काही नाही, हातेलीखाली आठ. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. मी स्वतः भरलेलं, मॅडम. चूक नव्हती त्यात.”

“पोरगी म्हणायची, मी वाचलं ते बरोबर वाचलं,” दत्ताराम म्हणाला. “सगळे म्हणाले, घाबरली असशील. वरची ओळ एक, खालची एक, डोळा सरकतो. आमची बहीण तर जे बोलायचं ते बोलून बसली. आता पोरगीनं कॉलेज सोडलंय. मशीनला हात लावत नाही. मीच रोज सकाळी चालू करून बघतो.”

“कशाला?”

“उगंच.” त्याने पंच्याची घडी उलटी केली. “पण परवा काय झालं, खानापुरीची नर्सबाई माझ्या गाडीत होती. म्हणाली, आमच्याकडची लस संपली. घरी जाऊन बघतो तर खानापुरीच्या खाली आकडा! इथं आप्पांना फोन लावला तर म्हणाले, इथं तर रिकामं दिसतंय. म्हणजे माझ्या घरात एक आणि तुमच्या घरात एक. आता कुणाचं खरं धरायचं सांगा.”

“तुमच्या मशीनमध्ये व्हायरस असेल म्हटलं मी,” आप्पा म्हणाले.

शंका रास्त होती, पण व्हायरसची नव्हे. संकेतस्थळ एकच असले तरी ते पडद्यावर मांडण्याचे काम ब्राउझर करतो, आणि प्रत्येक ब्राउझरची मांडण्याची शिस्त वेगळी असते. कार्यालयातल्या संगणकावर फार जुना ब्राउझर होता. दत्तारामच्या घरी कोणता आहे ते त्याला सांगता येईना. ‘पोरीच्या मैत्रिणीनं सुगीच्या आधीच नवीन टाकून दिलंय, भराभर चालतं म्हणून,’ एवढेच त्याला ठाऊक होते. माझ्या लॅपटॉपवर नवाच होता. मी लॅपटॉप त्यांच्या संगणकाशेजारी ठेवला आणि दोन्हींवर पान उघडले.

दोन्ही पाने सारखी होती. नावाखाली आकडा, आकड्याखाली आकडा, कुठेही केसभर फरक नाही. मी खिडकी अरुंद करून पाहिली, अक्षरे मोठी करून पाहिली, साठवलेली जुनी प्रत पुसून पान नव्याने मागवले. दत्ताराम माझ्या खांद्यामागे उभा राहून पाहत होता. पान जागचे हलले नाही.

“खानापुरीखाली आज काय आहे?” त्याने विचारले.

“कालच माल आला त्यांच्याकडे,” आप्पा म्हणाले. “आज सगळीकडं आहे, देवाच्या दयेनं.”

“मग मला दिसलं ते?”

“दोष पुन्हा दिसत नाही तोवर मला त्याच्याविषयी काही म्हणता येणार नाही,” मी म्हणाले.

तो पुन्हा खुर्चीवर बसला. जायची घाई त्याला नव्हती आणि मलाही त्याला जा म्हणवत नव्हते. खाली दुकानात कोणीतरी पोती मोजून घेत होते.

“मॅडम, मला बाकी काही नको. मंडळावर माझी तक्रार नाही. शालन गेली ती गेली. हातेलीला सरळ गेलो असतो तरी वाचली असती असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. मला तुम्ही फक्त सांगा, पोरगीनं नीट वाचलं होतं का नाही?”

“ते मला ठाऊक नाही.”

“शिकलेल्या आहात. अंदाज सांगा की.”

अंदाज सांगणे मला आवडत नाही, पण त्याने मागितला म्हणून दिला. “माणसाला आठवतं ते काही फोटोसारखं आत ठेवलेलं नसतं,” मी म्हणाले. “दर वेळी आठवताना आपण ते चित्र नव्यानं काढतो. काढताना मागाहून ऐकलेलं, भीती, इच्छा, सगळं त्यात मिसळतं. प्रामाणिक माणसाच्या बाबतीतही असंच होतं. यावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. तुमची मुलगी खोटं बोलत होती असं मी अजिबात म्हणत नाही. आपण वझरगावखाली आकडा पाहिला असं तिला मनापासून आठवत असेल. पण तिला आठवतं म्हणून तो आकडा तिथे होता, असं होत नाही.”

“आठवत असेल,” तो माझेच शब्द चाचपून पाहत म्हणाला.

“आता ती काय म्हणते?”

“आता ती त्याच्यावर बोलत नाही.”

तो उठला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याची भावना होती की बुडाल्याची, मला ओळखता आले नाही. “चहा घेऊन स्टँडवर थांबतो. गाडी भरली की निघणार,” असे तो का कोण जाणे मला सांगून गेला.

त्यानंतर थोड्याच वेळात आप्पांचा फोन वाजला.

“हं, बोला सिस्टर… अरे! कोण, पोरगा का?… शुद्धीत आहे ना? बरं, बरं, छान झालं. मग आता तुमच्याकडे?… हं. हं. बरं. चढवतो पानावर.” त्यांनी फोन ठेवला, चष्मा वर सरकवला आणि एका बोटाने कळा दाबू लागले. कोणत्याशा केंद्रात सकाळीच एका मुलाला सगळ्या कुप्या लागल्या होत्या. आप्पांनी त्या केंद्राखालचा आकडा खोडला आणि ते पुढे गेले.

“आप्पा, तिथे काही भरलं नाहीत तुम्ही.”

“संपली ना लस तिथली.”

“मग शून्य भरायला हवं.”

“छे छे!” ते हसले. वय लहान असलेल्या बाईला एखादी घरगुती गोष्ट समजावून सांगावी तसे ते बोलू लागले. “औषधापुढं शून्य लिहू नये, मॅडम. घरात तेल नसलं तर ‘संपलं’ म्हणतो का आपण? बायामाणसं ‘वाढलं’ म्हणतात. दवाखान्यात एवढी वर्षं काढली, बाटली रिकामी झाली तरी तळाशी दोन थेंब ठेवायचो. जागा मोकळी ठेवली की वाचणाऱ्याला समजतंच की. रिकामं ते रिकामंच.”

“आणि केंद्रवाल्यांची हरकत नसते?”

“त्यांना तर तेच बरं. शून्य दिसलं की वरून विचारणा होते, का नाही, कधीपासून नाही. मोकळ्या जागेला कोण विचारतंय?”

अशा समजुतींशी वाद घालण्यात मी बरेच आयुष्य घालवले आहे आणि त्यातून फारसे काही निष्पन्न झालेले नाही. सहज, हात रिकामा होता म्हणून, लॅपटॉपवरचे पान मी नव्याने मागवले.

कार्यालयातल्या पडद्यावर सगळे ठीक होते. त्या केंद्राखाली कोरी चौकट आणि तिच्या उजवीकडे बाकीचे आकडे, आपापल्या नावाखाली. माझ्या पडद्यावर कोरी चौकट कुठेच नव्हती. ज्या केंद्रातली लस नुकतीच संपली होती त्याच्याखाली आकडा होता. तो शेजारच्या केंद्राचा होता. शेजारच्या केंद्राखाली त्याच्या पुढच्याचा, त्याच्याखाली आणखी पुढच्याचा, असे सगळे आकडे एकेक घर डावीकडे सरकले होते आणि ओळीच्या अगदी शेवटच्या नावाखाली काहीच उरले नव्हते. नावे मात्र जागच्या जागी होती.

कारण सापडायला वेळ लागला नाही. चौकटींना रुंदी दिलेली होती, उंची दिलेली नव्हती. आत आकडा असेल तर त्याच्याच आधाराने चौकट उभी राही. आत काहीच नसले की नव्या ब्राउझरच्या लेखी तिची उंची नाहीशी होई. आणि जिला उंची नाही ती चौकट जागा अडवत नाही, म्हणून शेजारची तिच्या जागी येई. नवा ब्राउझर नियमाने वागत होता. जुना नियमाला तितकासा धरून नव्हता. कोऱ्या चौकटीलाही तो आपल्या मनाने एका ओळीची उंची देऊन टाकत असे. बांधणाऱ्याने जुन्यात पाहिले, बरोबर दिसले, आणि तो निघून गेला. एरवी हा दोष कोणाला दिसणारही नव्हता. जेव्हा कुठेतरी लस संपलेली असेल तेव्हाच, म्हणजे पान पाहण्याची खरोखर गरज असेल तेव्हाच, तो प्रकट होणार होता.

मी पानाची एक प्रत माझ्याकडे उतरवून घेतली आणि तिच्यात वझरगावची चौकट कोरी केली. हातेलीचे आठ निमूटपणे वझरगावखाली येऊन बसले.

“आप्पा, इकडे या.”

ते आले, वाकून पाहिले.

“हे असं त्यांच्याकडे दिसलं असणार?”

“दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं.”

“आणि मी शून्य लिहिलं असतं तर?”

“तर चौकट जागेवर राहिली असती.”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पण पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही. “तुम्ही नीट कराल ना हे?”

“आत्ताच करते. एका ओळीचं काम आहे.”

“एका ओळीचं,” ते म्हणाले. मग ते आपल्या खुर्चीकडे गेले, कळफलक जवळ ओढला आणि मघाशी मोकळ्या ठेवलेल्या जागी शून्य भरले. कळ दाबल्यावर ते बोट त्यांनी पँटवर पुसले.

स्टँडवर दत्तारामची जीप निम्मीअर्धी भरली होती. मी लॅपटॉप बॉनेटवर उघडला आणि त्याला दाखवले. त्याने एकदाच पाहिले. मग मागे जाऊन आतल्या बायाबापड्यांना म्हणाला, “उतरा. गाडी जाणार नाही आज.”

“आरं, बाजार घेऊन बसलोय की आम्ही! काय झालं तुला?”

“उतरा म्हटलं ना मावशी. मागनं सुताराची गाडी येतेय.”

वाटेत तो एकच वाक्य बोलला. “तुम्हीच सांगा तिला. माझ्या तोंडून नको.”

घर गावाबाहेर, काजूच्या बागेला लागून होते. ओसरीवर एक सडपातळ मुलगी सुपात नाचणी निवडत बसली होती. तिने पाणी आणून दिले. मी माझे कार्ड दिले तर नावाखाली बोट ठेवून तिने ते वाचले, पुन्हा पहिल्या अक्षराकडे जाऊन एकदा वाचले, आणि मग वडिलांपुढे धरले. “बाबा, बरोबर आहे ना हे?”

“बरोबर आहे गं,” तो म्हणाला.

संगणक माजघरात होता, वर विणलेले आच्छादन. मी तो सुरू केला, पेनड्राइव्हवरची प्रत उघडली आणि जे आप्पांना सांगितले तेच तिला सांगितले. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून थोडे अधिक बारकाईने. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिने एक नेमका प्रश्नही विचारला: चौकटीत नुसती मोकळी जागा टंकली असती तरी हेच झाले असते का? हो, हेच झाले असते, मी म्हणाले. तिला सगळे समजले होते यात शंका नाही.

“म्हणजे त्या दिवशी तुला हे असं दिसलं,” मी म्हणाले. “वझरगावखाली आठ. तू वाचलंस ते अगदी बरोबर वाचलंस.”

“नाही मॅडम.”

“काय नाही?”

“मला बरोबरच दिसलं होतं. वझरगावखाली काही नव्हतं. आठ हातेलीखाली होते. मी हातेलीवर बोट ठेवलं होतं असं,” तिने बोट पडद्याला टेकवले, “आणि तोंडातून वझरगाव गेलं.”

दारात उभ्या असलेल्या दत्तारामने चौकटीवर हात ठेवला.

“स्वप्नाली,” मी म्हणाले, “या मशीनवर त्या दिवशी ते तसं दिसणं शक्यच नव्हतं. हा ब्राउझर तसं दाखवूच शकत नाही. मी आत्ता तुझ्यासमोर करून दाखवलं.”

“हो, ते कळलं मला. तुमचं बरोबर आहे.” तिच्या आवाजात जराही ताण नव्हता. “पण त्या दिवशी नीट दिसलं असेल कशामुळं तरी. मला आठवतंय ना, मॅडम. बोटाखाली हातेली होतं. नखाला हळद लागलेली होती.”

“अगं, पण तूच सांगत होतीस,” दत्ताराम म्हणाला. “रडून रडून सांगत होतीस सगळ्यांना. मी नीट वाचलं, मी नीट वाचलं म्हणून.”

“तेव्हा मी स्वतःला वाचवत होते, बाबा. तुम्हीच म्हणालात ना तसं.” मग ती माझ्याकडे वळली आणि पाहुण्याला अडचण होऊ नये अशा बेताने बोलू लागली. “मॅडम, बाबांनी मला माफ केलंय. बाराव्याच्या दिवशी, सगळे बसले होते तेव्हा मी कबूल केलं, आणि त्यांनी सगळ्यांसमोर माफ केलं. आत्याही बोलायला लागली तेव्हापासून. आता परत नका उकरू ते. चहा टाकते तुम्हाला.”

ती आत गेली. मागोमाग दत्तारामही गेला. भांड्यांचा आवाज थांबला, बोलण्याचा आवाज ऐकू आला, शब्द मात्र कळले नाहीत. मग भांडी पुन्हा वाजू लागली. मी पडद्याकडे पाहत बसले. आठ वझरगावखाली होते.

चहा गोड होता. निघताना तिने संगणक बंद केला आणि आच्छादनाच्या चारही कडा सारख्या करून ते परत घातले.

कोल्हापूरची गाडी हातेलीवरून मिळणार होती. दत्ताराम मला सोडायला निघाला. उतार संपून तिठा आला तेव्हा त्याने जीप रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद केले. समोर बांधकाम खात्याची पाटी होती. डावीकडच्या बाणापुढे वझरगाव, उजवीकडच्या बाणापुढे हातेली.

“घरात कोण जेवत नव्हतं, मॅडम,” तो पाटीकडे पाहत म्हणाला. “बहीण एका खोलीत, पोरगी एका खोलीत. ती म्हणायची मी बरोबर, ही म्हणायची तूच आईला मारलंस. बाराव्याला माणसं येणार. म्हटलं, बाळा, तू एकदा चुकले म्हण. मी लगेच माफ करतो, विषय तिथंच मिटू दे. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. मग सगळ्यांपुढं म्हणाली, चुकले. म्हणायचं म्हणून म्हणाली. मला कळत होतं त्या वेळी. मीही माफ करायचं म्हणून केलं.”

त्याने खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर घेतला.

“आणि आज तिला ते दिसायला लागलंय. नखाची हळदसुद्धा.” त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. “सकाळी तुम्ही म्हणालात ना, दर वेळी माणूस नवीन चित्र काढतो. मग जुनं कुठं जातं?”

“जुनं असं वेगळं कुठे ठेवलेलं नसतं,” मी म्हणाले. ते खरे होते.

“आत स्वयंपाकघरात मी तिची माफी मागितली. पाया पडायला गेलो पोरीच्या. म्हटलं, तुझी काही चूक नव्हती, माझी चूक झाली.”

“मग?”

“तिनं मला धरून उठवलं. म्हणाली, बाबा, माझं मन राखायला तुम्ही किती करताय. एवढ्या लांबून मॅडमना घेऊन आलात.”

मग त्याने इंजिन सुरू केले. रस्त्यावर पुढे कोणी नव्हते, मागेही कोणी नव्हते. तरी त्याने हात बाहेर काढून वळण दाखवले आणि गाडी हातेलीकडे वळवली.